सुशांतसाठी चार ओळी

३ मार्च

सुशांतला काढताहेत! कँटीनच्या लोकांचा संप चालू असताना हातात भोंगा घेऊन त्यांच्या बाजूने बोलला, एवढाच गुन्हा. कॉलेज म्हणतं, करार वाढवणार नाही. नोकरी गेली की व्हिसा गेला, म्हणजे थेट नागपूर. आमच्या कॉलेजात फ्रेंच शिकवणारे आम्ही दोघंच — आणि दोघंही मराठी. दुपारी केबिनमध्ये आला. ‘जय भीम, ताई. कॉलेजच्या पेपरमध्ये चार ओळी लिहा ना, प्लीज. तुमचं ऐकतील. सिंपल लिहा — ह्याला ठेवा, बस.’ लिहिते म्हटलं. लिहिणारच!

५ मार्च

वर्गात आज नेमका तोच विषय. फ्रान्सचे विचारवंत पूर्वी वर्तमानपत्रात लिहायचे, कारखान्याच्या दारात उभे राहायचे. भाषा अशी, की पाववाल्यालाही कळावी. मग विद्यापीठांत रमले, वाक्यं लांबत गेली, शेवटी एकमेकांनाही कळेनाशी झाली. आता टीव्हीवर बसतात आणि दोन मिनिटांत कशावरही मत देतात. मी नेहमीसारखी त्या मधल्या, लांब वाक्यंवाल्यांची टिंगल केली. मुलं खूप हसली.

८ मार्च

चार ओळींची तीन पानं झाली. ‘अन्याय’ खोडलं — भडक वाटत होतं. ‘संस्थात्मक ताण’ घातलं. कॉलेजचीही बाजू मांडली, उगाच एकांगी नको. राधिकाला वाचायला दिलं. लेक म्हणते, ‘आई, इट्स ब्यूटिफुल. बट डू यू वॉन्ट हिम टू स्टे ऑर नॉट?’ शाळकरी पोरीला काय कळतंय!

९ मार्च

अजून एक तळटीप टाकली. पाठवलं.

११ मार्च

छापून आलं. सहकाऱ्यांच्या कौतुकाच्या मेल आल्या. संध्याकाळी शेजारच्या श्रूजबरी गावातल्या इंडियन स्टोअरमध्ये सुशांत भेटला, तूरडाळीची पिशवी हातात. ‘वाचलं, ताई. भारी आहे.’ मग पिशवी काउंटरवर ठेवत, ‘परत एकदा वाचतो.’

घरी येऊन मीही वाचलं. त्याला ठेवा, असं कुठेच नाही! भीती म्हणावी तर माझ्याकडे इथला पासपोर्ट आहे, पक्की नोकरी आहे. भीती नव्हतीच. विद्वान दिसायची हौस होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! फार लाज वाटते आहे. उद्या नवं लिहीन. साधं.

१२ मार्च

साधं जमत नाही. जे लिहिते ते बाळबोध वाटतं, आणि पुसते.

१३ मार्च

कॉलेजचं पत्रक निघालं. सुशांतला काढणं कसं योग्य आहे, ते त्यात समजावलंय. पहिला परिच्छेद माझा आहे. जसाच्या तसा. खाली माझं नाव.