एक्केचाळीस मडमांची निरवानिरव

मी, मालन धोंडू परब, वय वर्षे बहात्तर, राहणार म्हाडा वसाहत, मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र शुद्धीत, स्वखुशीने आणि रागाने लिहून ठेवत आहे. राग आहे म्हणजे डोकं ठिकाणावर नाही, असं उद्या कोणी कोर्टात म्हणू नये, म्हणून डॉक्टर दर्शना यांचा दाखला सोबत जोडला आहे. रक्तदाब वाढलेला आहे, बुद्धी शाबूत आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. माझे पती धोंडू १९८७ साली वारले. मला मूलबाळ नाही. जवळची माणसं दोनच : धाकटा भाऊ सुबोध गुणाजी राणे आणि त्याची मुलगी मानसी.

कलम २. माझ्याकडे आणि सुबोधकडे मिळून एक्केचाळीस चित्रं आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांत मडमांची काळी-पांढरी चित्रं असायची, त्यांच्या या हाताने रंगवलेल्या मोठ्या नकला. वडील गिरणीत डिझाइन खात्यात होते. चौकटी आखून लहानाचं मोठं चित्र कसं करायचं, ते त्यांनी आम्हा दोघांना शिकवलं. मी बसायचे, सुबोध पळायचा.

मढच्या लुईस यांचा बंगला शूटिंगला जातो. त्यांना साहेबी दिवाणखान्यासाठी अशी चित्रं भाड्याने हवी होती. काम सुबोधने आणलं, पुस्तकं रद्दीतून त्यानेच आणली. चित्रं मी काढली, एकूण एक. खाली सही मात्र त्याची. तेव्हा तो म्हणाला होता, "ताय, नाव माझा रवांदे. बाईमाणसान काढलेला म्हटल्यार कोण घेतलो?" मी ऐकलं. त्या वेळी कामाची गरज होती आणि भावावर विश्वास होता.

इंग्रजी मला येत नाही. चित्राखालची ओळ सुबोध वाचायचा, लहर लागली तर सांगायचा. काळ्या-पांढऱ्यावरून रंग कळत नाहीत, ते मी माझ्या मनाने भरायचे. खिडकीशी बसलेल्या एका बाईबद्दल मी विचारलं, "ही कोण रे?" तो म्हणाला, "आसात कोण तरी मोठ्या घरची. तू रंगव गो." मोठ्या घरची, चेहरा शांत, म्हणून मी तिला हिरवागार झगा घातला. आमच्यात सवाष्णीला घालतात तो हिरवा. पंधरा दिवस लागले, झग्याच्या चुण्याच तेवढ्या होत्या.

कलम ३. गेल्या फेब्रुवारीत अंधेरीला एका हॉलमध्ये या चित्रांचं प्रदर्शन झालं. पत्रिकेवर नाव एकट्या सुबोधचं. मी शेवटच्या रांगेत होते. हिरव्या बाईपुढे उभा राहून तो माइकवर म्हणाला, "ही विधवा आहे. मूळ गोष्टीत हिचा पोशाख दुखवट्याचा, काळा. मी जाणूनबुजून हिला हिरवं नेसवलं. हे माझं बंड आहे." टाळ्या पडल्या. त्या बाईचा नवरा मेलेला आहे, हे मला तीस वर्षांनी तिथे कळलं.

माझा हिरवा चुडा फुटला तेव्हा हाच भाऊ दारात उभा राहून आपल्या चपला शोधत होता. तेव्हा याचं बंड कुठे गेलं होतं? आणि आता माझ्या अडाणीपणाचं बंड करून टाळ्या घेतो.

घरी आल्यावर मी विचारलं, "चित्रा घेतलंस ती घेतलंस. माझी चूक पण घेतलंस?"

"उगीच तमाशा नको, ताय. लोकांका आवाडला ना? मगे झाला."

माझं झालेलं नाही.

कलम ४. माझी राहती खोली माझ्या नावावर आहे. माझ्या मागे तीस दिवसांच्या आत सुबोधने दोन्ही साक्षीदारांसमोर बसून बाईमाणसाचा एक हात, मनगटापासून बोटांपर्यंत, कागदावर रंगवून दाखवावा. वेळ तीन तास. मला चाळीस मिनिटं लागायची. हात त्या दोघांना हातासारखा दिसला तर खोली त्याची. नाही दिसला, किंवा तो आलाच नाही, तर खोली मानसीची.

मानसीने हे कलम वाचलं आणि ती रडायला लागली. "आत्या, बाबांची वाट लागेल गं. नको ना यार असं." मी म्हटलं, लागू दे. कलम कायम आहे.

कलम ५. ब्रश, रंगांच्या वड्या आणि वडिलांची लाकडी पट्टी मानसीला. तिने चित्र काढावं अशी सक्ती नाही. सुबोधला यातलं काहीही देऊ नये, मागितलं तरी.

कलम ६. लुईस, तुम्ही मला तुमच्या ओसरीवर वर्षानुवर्षं रंगवताना पाहिलंत. सुबोधने खाली सही केली ती तुमच्यादेखत, आणि तुम्ही आम्हा दोघांना चहा पाजलात. म्हणूनच साक्षीदार तुम्हाला केलं आहे. निदान आता खरं काय ते सांगा.

कलम ७. चाळीस चित्रांवरची सुबोधची सही खरवडून तिथे माझं नाव घालावं. हे काम मानसीने करून घ्यावं. त्यानंतर ती कोणाला द्यायची ते तिने ठरवावं.

एक्केचाळिसावी हिरवी बाई. ती विधवा आहे हे मला वेळेवर कळलं असतं, तर मी तिला काळंच घातलं असतं. मुकाट्याने, चुण्यांसकट. बंडबिंड माझ्यात नव्हतं. पण आता ते चित्र कोणी दुरुस्त करू नये. त्याखाली एवढंच लिहावं : "हिचा नवरा मेलाय, हे मला कोणी सांगितलं नाही. मालन धोंडू परब."

हा सगळा मजकूर माझ्या हस्ताक्षरात आहे. खाडाखोड दोन ठिकाणी, दोन्हीकडे सही केली आहे.

सही : मालन धोंडू परब

साक्षीदार :
१. लुईस डिमेलो, मढ. (सही. वरील कलम ६ खरं आहे.)
२. डॉ. दर्शना नाबर, मुलुंड पूर्व. (सही)

ठिकाण : मुलुंड, मुंबई
दिनांक : ९ ऑक्टोबर २०२५