न लावलेल्या झाडाची संत्री

तीर्थस्वरूप वन्सं,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. एका माणसाच्या जिभेने जिचा छळ मांडला अशी जनता म्हणजे आपण दोघी! आधी तुम्ही सोसलंत, मग मी. तुमच्या भावाने ताटात लाल भोपळा दिसताच ताट ढकलायचं आणि आपण मुकाट्याने दुसरी भाजी वाढायची, हा अन्याय किती पिढ्या चालायचा? (पिढी एकच आहे, पण अन्याय म्हटला की पिढ्या लागतात.) तुमचे गुडघे कसे आहेत? मी ठणठणीत.

ह्यांचा ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. दोन घास खाऊन उठतात. पट्ट्याला नवी भोकं पाडून झाली, आता पट्टाच संपत आलाय. डॉक्टर म्हणतात, आवडेल ते द्या. आवडत काही नाही! मला खरंच धसका बसला होता. त्यात तुमच्याकडचा भोपळा येऊन थडकला. (टॅक्सीवाल्याने त्याला पुढच्या सीटवर बसवून आणलं.) मी ठरवलं, ह्याला वेष पालटून आत घुसवायचा. जॅम करायचा, संत्री आणि लिंबू घालून.

टाकून देणं हा गुन्हा आहे, हे माझं मत तुम्ही युनियनच्या भर सभेत ऐकलं आहे. त्यामुळे पहिल्या खेपेला संत्र्याच्या साली आतल्या पांढऱ्या भागासकट घातल्या. जॅम कडूजहर! तत्त्व वाचलं, पातेलं गेलं. दुसऱ्या खेपेला मुकाट वरची केशरी साल तेवढी किसली, भोपळा वाफवून घोटला, रस आणि साखर घालून ढवळत बसले. आता हातात डाव घेऊन तासभर गप्प उभं राहणं मला कसं जमावं? दुकानी जॅमविरुद्ध भाषण सुरू झालं. "बंधूंनो, ह्या बाटलीत फळ किती आणि रंग किती?" असं गरजत मी हात उंचावला. हातात डाव होता. छतावरचा डाग अजून निघालेला नाही. आतून पलंगावरून आवाज आला, "सभा आटपली की चहा मिळेल का?"

पण थोड्या वेळाने हे स्वतःच स्वयंपाकघरात आले. म्हणाले, "वास बरा येतोय." जॅम जमला का ते बघायला मी गार बशीवर थेंब टाकला होता, तो ह्यांनी बोटाने पुसून चाटला. "संत्र्याचा?" वन्सं, मालकांसमोर, साहेबांसमोर मी कधी खोटं बोलले नाही. इथे मान हलवली. ह्यांनी जॅम लावून पावाचा एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा मागून घेतला. मागून! मी छताचा डाग बघायचं निमित्त करून डोळे पुसले. "कुठली गं संत्री?" म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, "वन्संच्या अंगणातली. नवीन झाड लावलंय त्यांनी."

एरवी सगळं क्षेम आहे. प्रकृतीला जपा.

तुमची भावजय

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहिते. हे रविवारी झाड बघायला तुमच्याकडे येणार आहेत, फांदीही मागणार आहेत. तेव्हा शनिवारपर्यंत अंगणात एक संत्र्याचं झाड उभं करा. कुंडीतलं चालेल. फळं नसली तर बाजारातली आणून दोऱ्याने बांधा. ह्यांना लांबचं नीट दिसत नाही.

आणखी एक ता. क. झाड राहू द्या. पाकीट चिकटवायला घेतलं तर हे खिडकीशी उभे. तिथे मी भोपळ्याच्या बिया वाळत घातल्या होत्या. एक बी सोलून तोंडात टाकत म्हणाले, "संत्र्याच्या बिया हल्ली बऱ्याच अंगाने भरल्यात." माझी वाचा बसली. (हो, माझी!) मग बाटलीचा तळ चमच्याने खरवडत म्हणाले, "ताईला लिही, पुढचं संत्रं ह्याहून मोठं पाठव म्हणावं." वन्सं, उठा! वेलावरचा सगळ्यात मोठा भोपळा तोडा आणि आजच्या आज टॅक्सीत बसवा!