इल्झे आमची कोणी लागत नाही याबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
परदेशी विद्यार्थी कक्ष, नगर कार्यालय,
हिगाशितानी.

अर्जदार: किनुए ओबारा, वय ७८, राहणार कामिनाबे वाडी.

विषय: गेल्या उन्हाळ्यात शेतीकाम व जपानी भाषा शिकण्यासाठी आमच्या वाडीत राहिलेली कु. इल्झे ओझोला (रीगा, लाटविया) हिच्याविषयी मी दिलेला प्रतिकूल अभिप्राय रद्द होऊन तिला या उन्हाळ्यात पुन्हा येऊ देण्याबाबत.

संदर्भ: १) आपले नकाराचे पत्र. २) आपल्या कक्षातील श्री. होरिगोमे यांच्याशी परवा खिडकीवर झालेले बोलणे.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते, की अर्जाची मुदत टळून गेली आहे हे मला ठाऊक आहे. श्री. होरिगोमे यांनी ते खिडकीवरच सांगितले. अशा अर्जावरून निर्णय फिरल्याचे आपल्या कक्षात आजवर घडलेले नाही, हेही त्यांनी सांगितले. तरी आज बसायला खुर्ची त्यांनीच दिली आणि कागदही दिला. म्हणून लिहिते आहे.

१. सदर विद्यार्थिनी माझ्या घरी राहत होती. घरात मी आणि माझे यजमान तोमेजी, दोघेच. भाताच्या खाचरांतले तण काढणे, खारवलेली उमे फळे उन्हात घालणे आणि वाडीची सूचनांची फळी घरोघर फिरवणे ही कामे तिला नेमून दिली होती. ही फळी सकाळी निघाली की जेवणाच्या वेळेपर्यंत वाडी फिरून परत येते. हिच्या हातात दिली, तर दिवसच्या दिवस पत्ता नाही. ज्या घरी जाईल तिथे चहाला बसायची आणि बोलत राहायची. औषध फवारणीची आपली सूचना फवारणी उरकल्यावर शेवटच्या घराला समजली. त्याची तक्रार आपल्या दफ्तरी असेलच. पण भाषेचा अभ्यास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो, हे मला अजून कळलेले नाही.

२. आमच्याकडची रीत आपणांस सांगायला नको. दुसऱ्याचे असेल ते वाखाणायचे आणि आपल्या घरातले, मग ती चटणी असो, नवरा असो की पोर असो, कमीच सांगायचे. एकदा शेजारच्या शिगेनोबाई आमची उमे चाखून वा वा करू लागल्या. मी तोंड उघडायच्या आत विद्यार्थिनी मागून म्हणाली, "छे हो, आमची कसली, नुसती खारट झाल्येत. तुमच्या घरच्यांची सर नाही." शिगेनोबाई आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो. हे तिला कोणी शिकवले नव्हते. मी हे यजमानांना सांगितले. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन त्यांनी तिच्यासाठी भाताचा वेगळा वाडगा आणि जेवणाच्या काड्या आणल्या आणि आमच्या दोघांच्या वाडग्यांशेजारी मांडणीवर ठेवल्या. तोवर ती पाहुण्यांच्या कपाटातल्या वाडग्यात जेवत होती.

३. ती रीगाला परतल्यावर, पानगळीच्या दिवसांत, तिच्या विद्यापीठातून एक प्राध्यापक बाई आल्या. सोबत शहरातली दुभाषी मुलगी होती. त्यांनी विचारले, ही विद्यार्थिनी तुम्हांला कशी वाटली? महोदय, घरच्या पोरीविषयी परक्या माणसाने विचारले तर काय सांगायचे असते? मी सांगितले: आळशी आहे. हाक मारल्याशिवाय उठत नाही. खाते मात्र दोघांचे. डोक्यात काही शिरत नाही, आणि आमच्यासारख्या अडाण्यांच्या घरात राहून होते नव्हते तेही गेले असेल. तिच्या नावापुढे मी आदराचे 'सान' लावले नाही. घरातल्याच्या नावापुढे ते कोण लावतो? यजमानांनीही मान डोलावून भर घातली, की कार्टी आहेच तशी, सांभाळून घ्या.

दुभाषी मुलीने शब्द न् शब्द इमानाने पोचवला. तिला आतले कळलेही असेल, पण बदल करायचा तिला अधिकार नव्हता. प्राध्यापक बाई लिहून घेत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मला वाटले, इथून निघायचे म्हणून वाईट वाटते आहे. मी त्यांना उमेची बरणी देऊ केली आणि नुसती खारट आहेत म्हणून सांगितले. त्यांनी ती घेतली नाही.

शिगेनोबाईंनी त्याच दिवशी तिची तोंड भरून स्तुती केली होती. पण विद्यार्थिनी त्यांच्या घरी राहत नव्हती, सबब ती नोंदलीच गेली नाही.

४. पुढचे आपल्या पत्रात आहे. यजमान कुटुंबाचा अभिप्राय प्रतिकूल, म्हणून पुन्हा प्रवेश नाही, आणि त्याच कारणाने तिकडे तिची शिष्यवृत्तीही बंद. हे तोमेजींना मी सांगितलेले नाही. हिवाळ्यात छपरावरचे बर्फ ओढताना ते पडले ते अंथरुणाला खिळले. ऑगस्टमधल्या बोनच्या, पितरांच्या सणाआधी पोर येईल ना, एवढे एकच विचारतात. मी येईल म्हणते. डॉक्टर बोनपर्यंतचे बोलतात, त्यापुढचे बोलत नाहीत.

तिचे पत्र आले आहे. आपल्या जपानीतच, स्वतःच्या हाताने लिहिले आहे. "आजी, तुम्ही मला आळशी म्हणालात ते इथे वाचून दाखवलं. मला फार बरं वाटलं. पण ते का बरं वाटलं, हे इथे कुणालाच समजावता येत नाही." माझी अवस्था तीच आहे, महोदय. फक्त मी आपल्याच देशात आपल्याच भाषेत बोलत होते.

५. हे सगळे मी खिडकीवर सांगितले. आम्ही तिला घरचीच मानले म्हणून तसे बोललो, मनात तसे काही नव्हते, असे मी म्हणाले. श्री. होरिगोमे यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आजी, ती घरची असेल तर तुमची शिफारस धरताच येत नाही. नातेवाइकाचा चांगला अभिप्राय नियमात बसत नाही." मी विचारले, मग आधीचा कसा धरलात? तर वाईट असेल तर कुणाचाही चालतो, म्हणाले. त्यांचा दोष नाही. त्यांनी मला नियम दाखवला.

६. तरी नियमात बसावे म्हणून पुढीलप्रमाणे लिहून देते.

इल्झे ओझोला-सान यांचे ओबारा कुटुंबाशी कोणतेही नाते नाही. त्या पाहुण्या म्हणून आल्या व पाहुण्या म्हणून गेल्या. त्या अत्यंत हुशार व कष्टाळू असून पहाटे आमच्या आधी उठत. त्यांचे बोलणे इतके चांगले झाले होते, की शेवटी त्यांना आमच्या भाषेतले काही सांगावे लागत नव्हते. अशी विद्यार्थिनी आमच्यासारख्यांच्या घरी राहिली हे आमचे भाग्य. त्यांचा भाताचा वाडगा काल मी आमच्या मांडणीवरून काढून पाहुण्यांच्या कपाटात ठेवला आहे. खात्री करण्यासाठी आपला माणूस कधीही पाठवावा.

आयुष्यात घरातल्या कोणाविषयी मी असे लिहिलेले नाही. लिहिताना हात थांबत होता, म्हणून अक्षर वाकडे आले आहे.

७. एकच वेगळी विनंती आहे. निर्णय काहीही होवो, या अर्जाची प्रत विद्यार्थिनीला पाठवू नये. निंदा केली ती तिला कळली. ही स्तुतीही तितकीच कळेल.

आपली नम्र व मुदत टळलेली अर्जदार,
किनुए ओबारा
(शिक्का)
कामिनाबे वाडी, २० मे

सोबत:
१) आधीच्या अभिप्रायाची नक्कल.
२) उमेची लहान बरणी. नुसती खारट आहे, तरी गोड मानून घ्यावी.

प्रत:
कु. इल्झे ओझोला, रीगा. (नियमाप्रमाणे सक्तीची. श्री. होरिगोमे यांनी पाकिटावर तिकीट आधीच लावून ठेवले आहे.)