खालच्या वर्गाचा कागद

प्रिय बंड्या,

तुझा निरोप मिळाला. तीन ओळींत चार चुका आणि शेवटी हात जोडल्याचं चित्र. ‘आई, आता पुरे, विमान कुणाला तरी देऊन टाक. तू विसरायला लागलीयेस. डॉक्टरांची एक तारखेची वेळ घेतलीय, मी येतोय.’ आईला विसराळू ठरवायला तुला माझ्या स्पर्धेची सहा मिनिटांची फिल्म पुरली! ती आमच्या विमानांच्या क्लबच्या सेक्रेटरीनं, म्हणजे त्या औषधवाल्यानं पाठवली, हे मला ठाऊक आहे. एरवी खोकल्याची बाटली द्यायला त्याला अर्धा तास लागतो.

मी काहीही विसरत नाही, हे आधी डोक्यात घाल. नववीत कॉन्व्हेंटच्या मदरनी मला लायब्ररीच्या पुस्तकावर शाई सांडली म्हणून तासभर उभं केलं होतं. शाई कुणी सांडली ते मला आजही आठवतं, आणि चाळीस वर्षांनी ती शाई सांडणारी बया बँकेच्या रांगेत भेटली तेव्हा मी तिला ते ऐकवलं. नंतर बत्तीस वर्षं लघुलेखिका म्हणून काढली. साहेब लोक एका पत्रात दोनदा स्वतःचं म्हणणं खोडायचे, मी न सांगता दुरुस्त करून टाइप करायची. एकालाही कधी कळलं नाही. सगळ्यांना वाटायचं आपण फार नेमकं बोलतो.

आता त्या फिल्मबद्दल. तुला काय दिसलं ते तुला समजलेलं नाही, कारण रिटायर झाल्यावर आई नक्की काय करते हे तू कधी विचारलंच नाहीस. आमच्या स्पर्धेत वर्ग असतात, शाळेसारखे. खालच्या वर्गात मी सुखात होते. रेडिओवरचं विमान उडवायचं, एक गोल घ्यायचा, मैदानाच्या टोकाला जाऊन हवं तसं वळून यायचं, मग पुढची कसरत. वळताना परीक्षक बघत नाहीत, चहा पितात. पण मी तीनदा पहिली आले आणि नियमाप्रमाणे मला वरच्या वर्गात ढकललं. मी अर्ज केला की मला खाली राहू द्या. औषधवाला म्हणाला, “काकू, नापास झाले म्हणून लोक रडतात, तुम्ही पास झालात म्हणून रडताय!” वात्रट मेला.

वरच्या वर्गात श्वास घ्यायला जागा नाही. वळणालासुद्धा गुण, म्हणजे टोकाला गेल्यावरही सरळ वर चढायचं, अर्धी गिरकी घ्यायची आणि बरोबर रेषेत परत यायचं. विमान उलटं करून न्यायचं, आणि उलटं असताना वर चढवायचं तर हातातल्या रिमोटची दांडी ओढायची नाही, ढकलायची. सवयीनं ओढलीत की थेट जमिनीत. दहापैकी मिळालेल्या गुणांना कठीणपणाच्या आकड्यानं गुणतात. साध्या गोलाला एक, चार ठिकाणी थांबत घेतलेल्या गिरकीला चार. आणि सगळं कागदावरच्या क्रमानं. क्रम सोडून काही केलंत तर ते कितीही सुंदर असो, भोपळा.

विमानावरची नजर हलवता येत नाही, म्हणून हा क्रम वाचायला मागे एक माणूस उभा असतो. त्याला पुकार्‍या म्हणतात. माझे पुकारे तुझे बाबा. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, पण मी मुकाट्यानं त्यांचं ऐकते अशी जगात ती एकच जागा. विमानही त्यांनीच बांधलं. घड्याळजीचा हात, एक खिळासुद्धा वाकडा नाही. या वर्षी मात्र एक पंख लाल रंगवला आणि दुसरा नारिंगी. मी विचारलं तर म्हणाले, “मुद्दाम. आकाशात डावं-उजवं ओळखू येतं.” मला ते पटलं, बघ. सकाळचा पेपर बंद केला, कारण त्यात वाचण्यासारखं काही राहिलं नाही म्हणे. दुकानात नाजूक काम आलं की गिऱ्हाइकाला सांगतात, सुटे भाग मिळत नाहीत. तेही मला पटलं.

नवा क्रम मी दोन महिने पाठ केला. भांडी घासताना, इस्त्री करताना, जिना चढताना पुटपुटायची. सरावाला बाबा धडाधड पुकारायचे, एकही चूक नाही. स्पर्धेच्या दिवशी मी कागद त्यांच्या हातात दिला, उडवण्याआधी मान हलवायला मागे वळले, तर त्यांनी कागद उलटा धरलेला. मला वाटलं, करतील सुलटा. विमान उडालं. पहिली कसरत बरोबर, दुसरी बरोबर. तिसरी तीन गोल. नेमके हेच तीन गोल खालच्या वर्गातही तिसरे आहेत, आणि तिथे त्यांची जीभ जुन्या रस्त्याला लागली. मी उलट्या विमानाची वाट बघत होते, मागून खणखणीत आवाज आला, “आता टोकाला जा, आरामात वळ.”

बंड्या, तेवढ्यात मला सगळं कळलं. हा माणूस वाचत नव्हता. कधीपासून, देव जाणे. माझी पुटपुट ऐकून त्यांनी पाठ केलं होतं. मी नुसतं “अहो, चुकलं” म्हटलं असतं, तर त्यांनी कागद डोळ्यांपाशी नेला असता. औषधवाला, तीन परीक्षक आणि तमाम मैदान बघत राहिलं असतं, की गावाची घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला चार अक्षरं दिसत नाहीत.

म्हणून मी आरामात वळले. बत्तीस वर्षं साहेबांच्या चुका दुरुस्त केल्या, त्या दिवशी पहिल्यांदा जसं सांगितलं तसं उतरवलं. खालच्या वर्गाचा उरलेला अख्खा कागद मी वरच्या वर्गात उडवला, आणि काय सुरेख उडवला! सात भोपळे मिळाले. उतरल्यावर सगळ्यांदेखत म्हटलं, “मी विसरले बाई, जुनंच डोक्यात बसलंय.” बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि समजूत घातली, “होतं असं या वयात.” ते ऐकून घेणं किती जड गेलं याला कुठलाच आकडा लावता यायचा नाही.

तर आता ऐक, आणि या वेळी नीट वाच. एक तारखेचं येणं रद्द करू नकोस. ये. मात्र वेळ डोळ्यांच्या डॉक्टरांची घे. बाबांना सांग, आईला तपासायचंय, ती घाबरलीय, तुम्ही सोबत चला. माझ्यासाठी ते येतील, स्वतःसाठी बांधून नेलं तरी यायचे नाहीत. आत गेल्यावर मी त्यांना खुर्चीत बसवीन, तू दाराशी उभा राहा. मोतीबिंदूच असेल, ऑपरेशन होईल, आणि पुढच्या स्पर्धेला तीन महिने आहेत. तोवर मी विसराळू. औषधवाल्यालाही तेच सांग. फक्त तू तेवढा विश्वास ठेवू नकोस.

तुझीच,
सगळं लक्षात असलेली
आई