कपाटातल्या माद्या

प्रिय ताई,

डाव्या हाताच्या मुंग्या कमी आहेत का? कात्री पुन्हा हातातून पडली, असं भावजींकडून कळलं. फोनवर काही विचारलं की तू ‘आले आमचे नववी नापास डॉक्टर’ म्हणतेस आणि माझी बोलती बंद होते. म्हणून लिहितोय. हा तिसरा कागद आहे, आधीच्या दोनांत खाडाखोड फार झाली.

माझं काम तुला माहीत आहे. उंदरांच्या मेंदूचे पातळ काप काचेवर येतात, मी चिठ्ठी लावतो: नर की मादी, वय, तारीख. तीनदा वाचल्याशिवाय चिकटवत नाही. प्रयोगशाळेत माझ्या आधी हे काम करणारे काका शिकवून गेले होते की माद्यांच्या काचा मागच्या कपाटात ठेवायच्या, त्यांचे आकडे एका रेषेत येत नाहीत, साहेब वैतागतात. मी दोन वर्षं इमानेइतबारे ठेवल्या.

नव्या मॅडमनी गेल्या आठवड्यात त्या बाहेर काढायला लावल्या आणि मलाही सूक्ष्मदर्शकातून दाखवल्या. मेंदूत नसांची देखभाल करणाऱ्या पेशी असतात. कचरा उचलतात, नसांवरचं आवरण सांभाळतात आणि बिथरल्या की तेच आवरण कुरतडतात. तुझ्या आजारात हेच होतं म्हणे. आम्ही तपासतोय ते औषध दिल्यावर नरांमधल्या पेशी शांत दिसत होत्या. माद्यांमधल्या नव्हत्या. मी विचारलं, हे वाईट का? मॅडम म्हणाल्या, कदाचित त्या दुरुस्ती करत असतील, कदाचित नासधूस, अजून सांगता येत नाही. शिकलेल्या माणसालाच कळत नाही म्हटल्यावर मी काय समजायचं?

मॅडमना तुझ्याबद्दल सांगितलं. त्यांनी हातातली काच खाली ठेवली. मग म्हणाल्या, बहिणीला आजच कळव.

ताई, सोमवारी तू त्याच औषधाच्या चाचणीच्या कागदावर सही करणार आहेस, तीही माझ्या शब्दावर. ‘बिनधास्त घे, आमचे सगळे उंदीर सुधारले’ असं मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. सगळे नव्हते गं. मी फक्त नर मोजले होते. औषध घेऊ नकोस, असं म्हणण्याइतकं मला कळत नाही. कदाचित तुला त्याचा गुणही येईल. पण डॉक्टरांना एवढं विचार, की बायकांवर याचा काय परिणाम दिसला? उत्तर नीट मिळेपर्यंत सही करू नकोस. आणि या वेळी मला हसू नकोस.

तुझाच घाबरट,
धाकटा