भिंतीवर केशरी रंगात लिहिलेल्या नावांबाबत

हे मृत्युपत्र मी मागच्या आठवड्यातच लिहिणार होतो. कागद आणायला निघालो, वाटेत कूलरला गवत भरणारा भेटला, त्याच्याशी बोलत बसलो आणि राहून गेलं. नंतर भीती जरा ओसरली म्हणून टाळलं. आज पानवाला म्हणाला, "पेंटर, दो आदमी तुझे पूछ रहे थे." तेव्हा बसलोच.

तर मी, कृष्णा दामोदर पाटोळे, वय तेवीस, धंदा बोर्ड रंगवणे, मूळचा बार्शीचा, सध्या चंदीगडात बुडैलमधल्या भाड्याच्या खोलीत, पूर्ण शुद्धीत आहे. दबाव नाही असं लिहायची रीत आहे. दबाव नाही, पण भीती आहे.

१. माझे ब्रश सेक्टर ३४ मधल्या मोहनला. तो कोचिंग क्लासचे बोर्ड रंगवतो आणि 'इंजिनियरिंग'च्या वेलांट्या चुकवतो. आधी वेलांट्या शिकाव्यात, मग ब्रश घ्यावेत.

२. सायकल माझी बहीण उल्काताई हिला. ती चंडीमंदिरला फौजी क्वार्टरात असते. तिचे यजमान विश्वास भाऊजी यांनी सायकलवर बसू नये. पाहुण्यांसमोर मला उडाणटप्पू म्हणाले होते, तेही मी जेवत असताना. भाची ज्योतीने खुशाल बसावं. ती "मामा, आप वापस कब जाओगे?" विचारते, पण प्रेमाने.

३. आता मुद्द्याचं. एका माजी मंत्र्यांच्या माणसांनी माझ्याकडून वीटभट्टी, कोल्ड स्टोरेज आणि पेट्रोल पंप यांचे बोर्ड रंगवून घेतले. तिन्हींवर खाली एकच नाव: मालकीण बीबी हरबंस कौर. पुढे त्या मंत्रीसाहेबांच्या कोठीची, म्हणजे बंगल्याची, पाटी रंगवायला गेलो, तर मला जेवण वाढणाऱ्या म्हातारीचं नाव तेच. पंप तुमचाच का, विचारलं. ती म्हणाली, "पुत्तर, मेरे कोल तां साइकल वी नहीं." तिच्याकडे साधी सायकलही नव्हती. मुनीम हसला. "खा पेंटर, सेठानी के हाथ की रोटी है."

निवडणूक लागली, साहेब उभे राहिले. सभेत लोक अडून बसले, उमेदवाराने मालमत्ता जाहीर करावी. साहेबांनी माइकवर सांगितलं: एक घर, एक ट्रॅक्टर, दोन म्हशी. टाळ्या पडल्या. माझं डोकं फिरलं. पहाटे त्या सभेच्या मैदानाच्या भिंतीवर मी साहेबांचं नाव लिहिलं, खाली भट्टी, कोल्ड स्टोरेज, पंप आणि बीबीचं नाव. 'हे पण जाहीर करा' ही शेवटची ओळ लिहायला रंग पुरला नाही.

लिहायला घेतला तो डब्यातला उरलासुरला रंग केशरी होता. आमच्याकडे तो देवळावरच्या झेंड्याचा रंग. इथे त्या रंगात भिंतीवर नावं दिसली की लोक काय समजतात, ते उजाडल्यावर कळलं. इथल्या अतिरेक्यांचा रंग तोच, म्हणून मारायच्या माणसांची यादी समजले. पंपावरची पोरं पळून गेली. साहेबांना जादा बंदूकवाले मिळाले. पोलीस मला अतिरेकी समजून शोधतायत. साहेबांची माणसं मात्र न चुकता मलाच शोधतायत, कारण माझ्या 'ह'ला शेपटी असते आणि ती त्यांच्या तिन्ही बोर्डांवर आहे.

४. मी गेलो तर ताईने पोलिसांना सांगावं की कुणाला मारा असं मी लिहिलं नव्हतं. मोहनने त्या भिंतीवर राहिलेली ओळ लिहावी. काळ्या रंगात.

५. बीबीला द्यायला माझ्याकडे काही नाही. तिचं नाव मी उघड्यावर आणलं. ती त्याच कोठीत राहते. झोपताना मला स्वतःपेक्षा तिच्यासाठीच जास्त भीती वाटते.

साक्षीदार:
१. एकनाथ शेजवळ, शेजारी. (वाचून म्हणाले, "सही करतो, पण मी कुठे नोकरीला आहे ते खोड." खोडलं.)
२. कुणी तयार नाही.

ठिकाण: बुडैल, चंदीगड. ९ मे १९९१.
सही: कृष्णा दा. पाटोळे

ता. क. दार वाजलं. एकनाथरावांनी फटीतून बघितलं. पोलीस नाहीत. बीबी हरबंस कौर आहे, एकटी, काखेत गाठोडं. सांगतेय, कोठीवर आज मुनीम पंप दुसऱ्याच्या नावावर करायचे कागद पुढे करून तिचा अंगठा मागत होता. तिने दिला नाही. उभ्या उभ्या विचारतेय, "पेंटर, मेरा पंप कित्थे है? चल, दिखा."