मूठ आवळा, मग पडा

४ जाने., रवि.
नवी बॅच. रोलर हॉकी असते कशी ते बघायला दहा-बारा पोरं, मागे मोबाईल उगारलेले आईबाप. एक बाप म्हणाला, "सर, हे ऑलिम्पिकमध्ये आहे का?" नाही म्हटल्यावर तोंड पडलं. अरे, आधी चाकांवर उभा तर राहू दे त्याला!

बायको माझी, शैला, नवीन पोरांच्या रांगेत शेवटी. स्टिक उलटी धरून. या क्लबात येईल त्याला तिनेच शिकवलं, मी नुसता शिट्टी फुंकायचो. दिवाळीनंतर तिला दर रविवारी रिंक नवंच असतं. मला म्हणाली, "सर, मला जमेल ना?" सर म्हणे! पण चाकं बांधली की पाय आपले आपण चालतात तिचे.

क्लबची रीत अशी की नवीन माणसाने नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी स्टिक जमिनीवर आपटायच्या. शै. दर रविवारी नाव सांगते. जुनी पोरं दर रविवारी आपटतात. एक अक्षर बोलत नाहीत. गुणी आहेत मेली.

७ जाने., बुध.
निखिल आला नौपाड्याहून. लेकाचं एकच टुमणं. "बाबा, आई पडली तर?"
"अर्ध्या डोंबिवलीला तिने पडायला शिकवलंय."
"तेव्हा. आता काय?"
ओरडलो त्याच्यावर. चहा न घेताच गेला. त्याचं चुकत नाही, म्हणून तर डोकं फिरतं.
तो गेल्यावर शै. म्हणाली, "कोण होता हो तो? चांगला वाटला."

११ जाने., रवि.
पडण्याचा धडा. आमच्याकडे सुरुवातीला बॉल दाखवतच नाहीत, नुसतं पडायचं. गुडघे टेकायचे, मुठी आवळायच्या. हात उघडा टेकला तर मागच्याचं चाक बोटांवरून जातं. हा सगळा धडा शै.चा. पूर्वी रिंकभर ऐकू यायचं तिचं, "मूठ! मूठ!"

आर्या नावाची एवढीशी पोर भोकाड पसरून बसली, "मला पडायचंच नाही." मी समजावून थकलो. तेवढ्यात शै. रांगेतून निघाली आणि तिच्यासमोर धपकन गुडघ्यांवर. दोन्ही मुठी जमिनीवर. "दुखलं का मला? नाही ना? आधी मूठ आवळायची, मग पडायचं." कुणी सांगितलं नव्हतं तिला. कुणीच नाही.
आर्याचे बाबा म्हणाले, "तुमच्या असिस्टंट छान आहेत." म्हटलं, हो, जुन्या आहेत. मग रिंकमागच्या पाण्याच्या टाकीआड जाऊन रडलो.
नि.ला फोन. "आई विसरलेली नाही!" तो म्हणाला, "बरं वाटलं बाबा." तेवढंच.

१८ जाने., रवि.
पडली.
साधं वळण. कुणाचा धक्का नाही, काही नाही. मी बघतच होतो. हात खाली गेला तो उघडा, पाची बोटं पसरलेली. मनगट मोडलं. मागून कुणी येत नव्हतं हे नशीब.

डॉक्टर म्हणाला, हाड जुळेल. हाडाचं कोण विचारतंय? नावं गेली, मुलाची ओळख गेली. म्हटलं जाऊ दे, मूठ आहे ना. आता तीही...

नि. धावत आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. नाही ओरडला. मीच म्हणालो, तिचं रिंक बंद. शब्द दिला त्याला.

२१ जाने., बुध.
प्लास्टरकडे बघून विचारते, "हे कशाने झालं?"
"पडलीस."
"कुठे?"
बाथरूममध्ये, म्हणालो. रिंक म्हणायची हिंमत झाली नाही.

२४ जाने., शनि.
स्केट्स माळ्यावर टाकले. दुपारभर शोधाशोध चालली होती तिची. काय हवंय? "ते... पायात घालायचं." चपला पुढे केल्या. माझी कीव आल्यासारखी हसली.

२५ जाने., रवि.
उठून बघतो तर शै. हॉलमध्ये. डोक्यावर हेल्मेट, पट्टा लोंबतोय, एका हाताने लावता येईना. कुठून काढलं कुणास ठाऊक. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.
"तुम्ही नवीन का?"
हो म्हटलं.
"घाबरू नका. पहिल्या दिवशी फक्त पडायचं असतं. नाव सांगा."
सांगितलं. कोपऱ्यातली छत्री चांगल्या हातात घेऊन तिने फरशीवर आपटली.
"हं. पडा आता."
साठी उलटलीय माझी. गुडघे कसेबसे टेकले, तोल गेला, हात पुढे आले.
"मूठ!"
तोच आवाज. रिंकभर जायचा तो.
मुठी आवळून तिथेच बसून राहिलो. उठवेना. रडूही येईना नीट. निखिलला शब्द दिलाय. तिकडे साडेसातला पोरं येतील, आर्या येईल.
हे लिहितोय आणि ती दारात उभी आहे, चपला घालून, हेल्मेटसकट. "चला ना हो सर, पहिल्याच दिवशी उशीर?"